पयले तू पी

मंदाकाकूवर अन्याय झाला. मंदाकाकू म्हणजे माझ्या काकांची बायको, किन्हीराजातल्या आमच्या घरची धाकटी सून. केव्हा झाला तेही सांगते, कारण घरात आता सगळ्यांना ते विसरायचं आहे. दोन वर्षांमागच्या तान्ह्या पोळ्याला, दुपारी, चहाचं आधण ठेवायच्या आधी, आमच्या ओसरीवर, भरल्या घरादेखत. आणि झाला तो पेलाभर पाण्यावरून. तिला कुणी पाणी नाकारलं नाही. ते आत जाऊन प्यायला लावलं.

हे नीट कळायचं तर आधी आपांबद्दल सांगावं लागेल.

आपा सर्जन होत्या. माणसाच्या अंगात लहान लहान ग्रंथी असतात. गळ्यातली थायरॉइड, तिच्या पाठीमागं दडून बसलेल्या मसुराच्या दाण्याएवढ्या, मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या. या ग्रंथींवरच्या गाठी कापण्यात आणि त्यांचा अभ्यास करण्यात त्यांनी मोठ्या शहरातल्या इस्पितळात उभं आयुष्य घातलं. परदेशातल्या मासिकांत त्यांचे लेख छापून येत. आणि मग एके दिवशी सगळं सोडून त्या शिरपूरला परत आल्या आणि बापाच्या बांगड्यांच्या दुकानात बसल्या. त्यांचे अब्बा मणियार. मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुकान, यात्रेला आलेल्या बाया तिथं थांबून हात भरून घ्यायच्या. आठवड्यातून एक दिवस वाशीमच्या एका दवाखान्यात आपा ऑपरेशनं करत. बाकीचे दिवस गावोगाव हिंडत. मोहल्ला त्यांना आपा म्हणे, गावं त्यांना गळ्यावाली बाई म्हणत. एवढ्या शिकलेल्या बाईला ही दोन नावं पुरत. पाटी त्यांनी कधी लावली नाही.

"शहरात मी कापणं शिकले, बेटा," त्या म्हणत. "पण आपल्याकडची बाई गळ्यात नारळ घेऊन येईपर्यंत थांबते काहून, हे तिथं कुणाले माहीत नव्हतं. ज्याले इचारलं तो म्हणे, अडाणी हायत. हे काय उत्तर झालं? ही तं शिवी झाली."

त्यांचं संशोधन ते हेच. उशीर कुठं होतो? बाईला विचारावं, गाठ कधी आली, तर बाई म्हणते, कोण जाणे. दुखत नाही, खुपत नाही, आरशात बघायला सवड नाही. आपा ते विचारतच नसत. त्या विचारत, "पोत कधी वाढवली?" गळ्यातली काळ्या मण्यांची पोत. ती आवळायला लागली की बाई मणियाराकडं जाते, चार मणी जास्तीचे ओवून घेते. आणि ते तिला बरोबर आठवतं. दिराच्या लग्नात. धाकटा झाला तेव्हा. विहिरीला पाणी लागलं त्या साली.

"माह्या अब्बांनी किती पोती वाढवल्या असतील," आपा सांगत. "त्यायले वाटे, बाई सुखात हाय, अंगानं भरून राह्यली. बाईलेबी तेच वाटे. सासूलेबी. सारे खुश. अन् गाठ आतून वाढून राह्यली."

शहरातला त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता, तो हसला. म्हणाला, मॅडम, मण्यांवरून कुठं आजार मोजतात? आपांनी त्याला दुकानातच चौरंगावर बसवलं, गिऱ्हाइकाला बांगड्या दाखवतात तशा गाठींच्या फोटोंच्या चळती त्याच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "या साऱ्या तुह्याकडं पोचल्याच नाहीत. तू मोजशील काय?"

आता पाण्याचं. थायरॉइड श्वासनळीला बांधलेली असते. घोट घेतला की ती वर जाते, खाली येते. तिच्यात गाठ असली तर तीही चढते-उतरते, आणि तेव्हा डोळ्याला दिसते. म्हणून आपांच्या पिशवीत कायम एक तांब्या आणि एक पेला. एसटी स्टँडवर, दळणाच्या गिरणीवर, अंगणवाडीच्या पायरीवर, दिसली बाई की पेला पुढं. "पयले तू पी." आणि नजर गळ्यावर. मेडशीच्या स्टँडवर एका नवऱ्यानं त्यांना यावरून चांगलंच झापलं होतं.

"काय पाह्यता हो बाईकडं असं टकमक? जादूटोणा करता काय?"

"टोणा नाही करत. तुह्या बायकोचा गळा पाह्यते. तू पाह्यला कधी?"

बायको मात्र फसकन हसली आणि पेला रिकामा केला. तिला काही नव्हतं. आपा म्हणाल्या, "जा, मजा कर." आपांचा नियम होता, घाबरवायचं नाही. "बहुतेक गाठी गरीब असतात. कोणाच्या वाटेले जात नाहीत. पण गरीब कोणती अन् बदमाश कोणती हे वरून नाही कळत. म्हणून पाह्यची. बस, एवढंच."

'दुखत नाही' या दोन शब्दांवर त्यांचा फार राग. कुणी म्हणालं, आपा, दुखत तं नाही ना, की त्या डोक्याला हात लावत. "दुखली असती तं बरं झालं असतं. तिले माहीत हाय, दुखलं तं हे लोक उठतील. म्हणून गुपचूप बसते."

विक्षिप्तपणा म्हणाल तर तोही भरपूर. उजव्या हातानं त्या कधी बादली उचलत नसत, घट्ट झाकण उघडत नसत. कापायचा हात जपायला हवा, म्हणून तो बाराही महिने अब्बांच्या जुन्या स्वेटरच्या खिशात. एसटीत बसल्या की मात्र तो बाहेर निघे. दुकानातला पोत ओवायचा दोरा घेऊन खिडकीच्या दांडीला एका हातानं गाठी मारत बसत, न बघता, एकीवर एक. सर्जनची गाठ. आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या गाड्यांच्या कितीतरी खिडक्यांना त्यांच्या गाठी असतील अजून. कंडक्टर म्हणायचा, "आपा, गाडी बांधून घरी नेता काय?"

"तुही गाडी कायले नेऊ? रस्त्यातच बसते ते."

माझी त्यांची ओळख पत्रकांमुळं. आमचा चार पोरापोरींचा गट आहे, रेशनपासून दवाखान्यापर्यंत जिथं अन्याय दिसेल तिथं आम्ही पत्रक काढतो. मी लिहिते. एक पत्रक आपांच्या हाती पडलं. त्यांनी मला दुकानात बोलावलं, पत्रक काउंटरवर पसरलं आणि लाल पेननं उद्गारचिन्हांवर एकेक गोल काढला. "हे पाह्य. हे सूज हाय. ताकद नाही. काप." मी चिडले. म्हणाले, राग आहे तो दिसायला नको का? "राग ठेव. सूज काप. अन् शेवटी सांग, वाचणाऱ्यानं करायचं काय. तुह्या पत्रकात लोक चिडतात अन् कागदात भजे खातात." तेव्हापासून माझ्या लिहिण्यात उद्गारचिन्ह नाही. बघा शोधून.

त्यांची शिवीची पद्धत सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. थायरॉइडच्या मागून आवाजाची नस जाते, दोऱ्यासारखी. गाठ काढताना तिला धक्का लागला की आवाज गेला. आपांचा सगळा जीव त्या नसेत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या बाईला दवाखान्याच्या गच्चीवर नेत आणि म्हणत, घरी जशी वावरात हाळी देते तशी दे. बाया लाजायच्या. मग एखादी पदर खोचून नवऱ्याला हाक मारायची, एखादी ज्वारीवरची पाखरं हाकलायची, आणि खाली रस्त्यावरचे लोक वर बघायचे. आपा डोळे मिटून ऐकत. तो आवाज त्यांना परत द्यायचा असे. टेबलावर सुई लावताना त्या बापाचं वाक्य बोलत, "हात ढिला सोड, बाई, बांगडी भरायची हाय." आणि बाई शुद्धीवर आली की पहिला प्रश्न, "मले एक शिवी दे." शिवी स्पष्ट आली तर नस शाबूत. मेडशीच्या एका म्हातारीनं अशी सणसणीत हासडली होती की नर्स पोरी पळाल्या. आपा खुर्चीवर बसून डोळे पुसत होत्या. "वा," म्हणाल्या, "पुरी आली. एक अक्षर नाही सांडलं."

तर तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल मिरवून नुकती परतली होती. मी आपांना घरी घेऊन गेले. ओसरीवर आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणतो, काका, दोन-तीन पाव्हणे. मंदाकाकू डोक्यावरून, गळ्यावरून पदर घेऊन पाणी घेऊन आली. मंदाकाकूचा आवाज साऱ्या गावाला ठाऊक. वावराच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तिनं हाक मारली की त्या धुऱ्यावरचा गडी थांबायचा. आबांना तो आवाज कधी सोसला नाही. सुनेचा आवाज उंबऱ्याच्या आत राहावा, हे त्यांचं पालुपद.

आपांनी पेला घेतला नाही. म्हणाल्या, "पयले तू पी, बाई."

ओसरी एकदम गार पडली. आबा म्हणाले, "काहो, आमच्या पाण्याचा भरोसा नाही वाटते तुमाले?"

"पाण्याचा पुरा भरोसा हाय, दादा. गळा पाह्यचा होता."

मंदाकाकूनं सासऱ्याकडं बघितलं, पेला घेतला आणि आत गेली. आमच्याकडं सून सासऱ्यादेखत पाणी पीत नाही. ती चुलीपाशी गेली, प्यायली, रिकामा पेला घेऊन परत आली. "पेली, आपा."

"माह्यासमोर पेली नाहीस."

"सासऱ्यासमोर पाणी ढोसाची रीत नाही आमच्याकडं," काका म्हणाले.

"ठीक हाय. मंग मीच आत येते."

आपांनी उंबऱ्याकडं पाऊल टाकलं आणि आबा उभे राहिले. "आत देव हायत आमचे," एवढंच बोलले. त्याचा अर्थ ओसरीवर कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. मणियाराच्या हातून बांगड्या भरून घेतलेल्या चालतात, त्याच्या लेकीचं पाऊल चुलीपाशी चालत नाही. मी भांडले. आबांशी, काकांशी, पाव्हण्यांशीही. आपांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. मग तिथूनच, उंबऱ्याबाहेरून, त्यांनी आत मोठ्यानं विचारलं, "मंदाबाई, पोत कधी वाढवली?"

आणि आतून तो आवाज आला, भांड्यासारखा खणखणीत. "पोरीच्या लग्नात वाढवली व आपा, अन् आता पुन्हा आवळून राह्यली."

"चूप बस," काका ओरडले.

परतीच्या गाडीत आपा गाठी मारत म्हणाल्या, "आवाज साफ हाय. गाठ अजून नसेले नाही भिडली. टाइम हाय. काढा तिले बाहेर."

आम्ही काय कमी केलं? मी राहते बाहेरगावी, तरी आठवड्याला घरी फेरी मारत होते. काकू म्हणायची, "दुखत नाही व माय, कायले घरात भांडण लावतं?" आपांनी तर किन्हीराजाच्या बाजारात गोणपाट टाकून बांगड्या विकायला सुरुवात केली. ज्या बाईच्या हाताखाली शिकलेले लोक मोठ्या इस्पितळांत विभागप्रमुख आहेत ती बाई वांग्यांच्या आणि मिरच्यांच्या मध्ये बसून बाया गोळा करत होती. बाया बसायच्या, हात पुढं करायच्या, पदर सरकायचा, गळा दिसायचा. दोघींच्या गाठी तिथंच सापडल्या. मंदाकाकू मात्र आली नाही. काकांनी स्वतः येऊन तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या नेल्या. लोक म्हणाले, पाहा, बायकोवर किती जीव.

मग तिचा आवाज बसला. सर्दी झाली म्हणाले. सर्दी गेली, आवाज आला नाही. आणि इथं मला माझ्या घराची जी लाज वाटते ती कशी लिहू. घर खूश झालं. आबा पाव्हण्यांना सांगायचे, "आता कशी वागून राह्यली. आता वाटते मोठ्या घरची सून." काका म्हणायचे, वय झालं, समज आली. त्या बाईची नस गाठीनं धरली होती, आणि घर त्याला वळण म्हणत होतं.

आबांनाच शेवटी ते कळलं, हेही लिहिलं पाहिजे. काकू पाणी प्यायची आणि आत चुलीपाशी तिला ठसका लागायचा, जीव जाईल असा. आवाजाची एक बाजू बंद पडली की पाणी भलत्या वाटेनं जातं. आबा ओसरीवर बसून ते ऐकायचे. एका सकाळी त्यांनी मला फोन केला. "त्या आपाले आण," म्हणाले. दुसरं काही नाही.

आपा आल्या. आबांनी काकूला बाहेर बोलावलं, स्वतःच्या हातानं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि मान खाली घालून म्हणाले, "पी. माह्यासमोर पी." काकूनं पदर बाजूला केला. पहिल्यांदा आम्ही साऱ्यांनी तो गळा पाहिला. डाव्या बाजूला अंड्याएवढा उंचवटा, त्यावर रुतलेली पोत. तिनं घोट घेतला. आम्ही गाठ वर जायची वाट बघत होतो.

गाठ हललीच नाही.

आपांनी डोळे मिटले. "तवा हालली असती," त्या म्हणाल्या. गाठ हलत नाही म्हणजे तिनं आजूबाजूचं सगळं पकडून ठेवलं आहे. बदमाश निघाली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आपा काकूला गच्चीवर घेऊन गेल्या. नियम तो नियम. काकूनं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि नुसती हवा बाहेर आली. खाली रस्त्यावर कुणी मान वर केली नाही.

गाठ निघाली. तिनं वेढलेली नस तिच्याबरोबर कापावी लागली. पुढचे उपचार मोठ्या शहरात झाले. काकू जिवंत आहे, सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, तपासणीला जाते, शेतातही जाते. आवाज नाही, तोंडाशी कान नेला तर कुजबुज ऐकू येते. काकांना बोलवायचं तर ती धुऱ्यावर उभी राहून उलथन्यानं ताट वाजवते. ताट वाजलं की आबाही उठून उभे राहतात. राहू देत.

आपांनी त्यानंतर फार ऑपरेशनं केली नाहीत. एकदा मालेगावच्या गाडीत दोऱ्याची गाठ त्यांच्या हातून सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. त्यांनी बोटांकडं जरा वेळ बघितलं, दोरा गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "झालं. आता या हातानं कापाचं नाही." कुणी सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच चाकू खाली ठेवला. पेला मात्र खाली ठेवला नाही. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या, त्याच्या आदल्या बाजारापर्यंत त्या गोणपाटावर बसत होत्या. मयतीला शिरपुरात बायांनी रस्ता भरला होता. त्यांच्यातल्या कितीतरी मोठ्यानं रडत होत्या. मोठ्यानं. मी ते आवाज ऐकत उभी होते. मंदाकाकू माझ्याशेजारी होती. तिचे ओठ हलत होते.

एक गोष्ट राहिली. काकू शुद्धीवर आली तेव्हा मी आणि आबा दारात उभे होतो. आपा तिच्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, "मंदाबाई, मले एक शिवी दे." काकूचे ओठ हलले. आपांनी कान तिच्या तोंडाशी नेला, बराच वेळ तसाच ठेवला. मग उठून बाहेर आल्या.

मी विचारलं, "देली?"

"देली."

"ऐकू आली?"

"मले साफ आली." त्यांनी आबांकडं बघितलं. "पण मले नाही देली तिनं. तुमच्या घराले देली. बराबर देली."



आता तुम्ही. हे वाचत असाल तेव्हा घरात कुणीतरी बाई असेल. आई, बायको, सून, वहिनी. आतापर्यंत तिनं तुम्हाला पाणी आणून दिलं. आज तुम्ही भरा. तिला उजेडात बसवा, मान जराशी वर करायला सांगा, पदर बाजूला करू द्या. म्हणा, पयले तू पी. ती घोट घेताना तिच्या गळ्याकडं बघा. मग विचारा, पोत कधी वाढवली? आवाज कधीपासून बसला? काही दिसलं, काही आठवलं, तर तिला डॉक्टरकडं न्या. गाठ गरीब आहे की बदमाश हे ठरवायचं काम डॉक्टरचं आहे, तुमचं नाही, आणि ओसरीवर बसलेल्या कुणाचंही नाही. दुखत नाही असं ती म्हणेल. तरी न्या.

कागद खाली ठेवा. पाणी भरा.